कपारीच्या छपराखाली उरलेले आणि विरलेले

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सिलतरा आले, हे धुराड्यांवरूनच कळते. छत्तीसगडच्या या औद्योगिक वसाहतीत स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, आणि माल सांभाळणाऱ्या माणसाला तेथे एक नियम पाठ असावा लागतो : हा माल भिजता कामा नये. लोहखनिजातील प्राणवायू काढून घेतल्यावर जे सच्छिद्र लोखंड उरते, त्याला पाणी आणि हवा एकदम मिळाली की ते गेलेला प्राणवायू परत ओढू लागते. गंजते आणि गंजता गंजता तापते. नुसती कोरडी हवा त्याचे फारसे बिघडवत नाही. घात होतो तो दोघांच्या संगतीने.

पुराणवस्तूंच्या शास्त्रातही हाच नियम चालतो. तेथे लोखंडाऐवजी लाकूड, चामडे, वाख आणि वेत असतो, आणि गंजाऐवजी बुरशी. मानवाच्या इतिहासातील कोणती पाने उरली आणि कोणती गळाली, याचा निवाडा पुष्कळदा राजांनी किंवा युद्धांनी केलेला नाही. तो एखाद्या कपारीत पाणी झिरपले की नाही, एवढ्या क्षुल्लक गोष्टीने केला आहे.

सिलतऱ्याहून बऱ्याच अंतरावर पूर्वेला, रायगड जिल्ह्यात (हा छत्तीसगडचा रायगड, कोकणातल्याशी त्याचा संबंध नाही) सिंघनपूरचा डोंगर आहे. १९१० च्या सुमारास रेल्वेच्या सेवेतील अँडरसन नावाच्या अभियंत्याचे लक्ष तेथील शैलाश्रयाकडे गेले. पुढे झुकलेल्या वालुकाश्माच्या पोटाशी गेरूच्या लाल रंगात माणसे, प्राणी आणि शिकारीची दृश्ये काढलेली होती. भारतातील चित्रित शैलाश्रयांच्या इतिहासात सिंघनपूरचे नाव तेव्हापासून घेतले जाते. जवळच्या कबरा पहाडातही अशीच चित्रे आहेत. ही चित्रे टिकण्याचे कारण सोपे आहे. गेरू म्हणजे लोहाचे प्राणिद. जे अगोदरच पूर्ण गंजलेले आहे, ते आणखी काय गंजणार? वर दगडाचे छप्पर, खाली न कुजणारा रंग. चित्र उरले.

परंतु चित्र काढणारा माणूस रिकाम्या हाताने तेथे बसला नव्हता. त्याच्याजवळ रंग ठेवायला पानांचा द्रोण असेल, कमरेला दोरी असेल, बसायला कातडे असेल, बाजूला बांबूची परडी असेल. आजही छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यातील घर पाहिले, तर सूप, टोपली, मासे धरण्याचा सापळा, मोहाची फुले वेचायची दुरडी आणि पळसाच्या पानांच्या पत्रावळी, असा घरातला अर्ध्याहून अधिक संसार झाडाचाच असतो. तो तसाच सोडून माणसे निघून गेली आणि काही हजार वर्षांनी कोणी उत्खनन केले, तर हाती काय लागेल? चुलीचे दगड, पाटा-वरवंटा, विळ्याचा गंजलेला तुकडा. अहवालात मग लिहिले जाईल की येथील लोक दगडाची हत्यारे वापरीत.

हा विनोद नाही. जगाच्या पाठीवर काही मोजक्या जागी छप्पर शाबूत राहिले, पाऊस कमी पडला आणि जमीन कोरडी राहिली. तेथे सापडलेल्या वस्तूंनी या अनुमानातील पोकळी उघडी केली आहे. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातील फोर्ट रॉक गुहेत १९३८ साली ल्यूथर क्रेसमन यांना सेजब्रश नावाच्या झुडपाच्या सालीपासून विणलेले जोडे सापडले, एकदोन नव्हेत तर डझनांनी. ते माझामा पर्वताच्या ज्वालामुखीतून उडालेल्या राखेच्या थराखाली होते. म्हणजे राख पडली त्याच्या आधीचे, हे नक्की. पण किती आधीचे? ते फार प्राचीन आहेत असे क्रेसमन म्हणत, तेव्हा अनेक सहकाऱ्यांना ते पटत नव्हते. किरणोत्सारी कार्बनाची पद्धत हाती आल्यावर १९५१ मध्ये उत्तर मिळाले, सुमारे नऊ हजार वर्षे. आणि पुढील सुधारित गणिताने काही जोडे दहा हजारांच्या आसपास गेले. त्याच राज्यातील कुगर माउंटन गुहेतील वस्तूंचा अभ्यास नुकताच प्रसिद्ध झाला आहे. त्यात दोऱ्याने शिवलेले चामड्याचे तुकडे आहेत, आणि त्यांचे वय सुमारे बारा हजार वर्षे निघाले आहे. हिमयुगाच्या शेवटच्या थंडीत माणूस अंगावर शिवलेले काहीतरी घालत असणार, हा तर्क हाडांच्या सुयांवरून पूर्वीच करता येत होता. पण सुई सापडणे वेगळे आणि टाका सापडणे वेगळे.

स्पेनमधील ग्रानादा प्रांतातल्या वटवाघळांच्या गुहेची कथा याहून चटका लावणारी आहे. तेथे प्रथम वटवाघळांच्या खतासाठी आणि मग १८५७ मध्ये खनिजासाठी खोदकाम सुरू झाले. खाणकामगारांना आत वाळून टिकलेली प्रेते, गवताच्या टोपल्या आणि वहाणा आढळल्या. त्यांना त्या वस्तूंचे मोल असण्याचे काहीच कारण नव्हते. पुष्कळसे इतस्ततः गेले. मान्वेल दे गोंगोरा या अभ्यासकाने जे उरले ते गोळा केले आणि १८६८ मध्ये प्रसिद्ध केले. त्या वस्तूंपैकी ७६ वस्तूंची नव्याने तपासणी २०२३ मध्ये झाली, तेव्हा एस्पार्टो गवताच्या काही टोपल्या सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या ठरल्या. म्हणजे त्या प्रदेशात शेती येण्यापूर्वीच्या. भटक्या शिकाऱ्यांनी विणलेल्या. वीण इतकी सफाईची की ती पुढच्या काळातील शेतकऱ्यांची असावी, असेच तोवर धरले जात होते. वहाणा त्यामानाने अलीकडच्या, सहा हजार वर्षांहून थोड्या जुन्या.

या टिकण्यामागे कोणतेही गूढ नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाढायला ओल लागते. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिले तर तिचे काही चालत नाही. जिवाणूंना तर त्याहूनही अधिक ओल लागते. शैलाश्रयाचे छप्पर पाऊस अडवते, भिंत ऊन अडवते, आत दिवस-रात्रीच्या तापमानात फार फरक पडत नाही. पण छप्पर पुरेसे नसते. जमिनीतून वर चढणारी ओल, खडकाच्या भेगांतून झिरपणारे पाणी आणि हवेतील बाष्प हे तिन्ही दूर राहावे लागतात. ऑरेगॉनच्या पठारावर ते राहतात. मध्य भारतात जून लागला की तिन्ही एकदम येतात.

मोसमी पावसाचा खरा उपद्रव पाण्यापेक्षा त्याच्या येण्याजाण्याचा आहे. चार महिने वस्तू फुगते, आठ महिने आकसते. क्षार विरघळतात, पुन्हा स्फटिक होऊन बाहेर येतात आणि येताना पृष्ठभाग फोडतात. वाळवीला चिखल मिळतो. असे हजारो पावसाळे गेले की वाखाच्या दोरीचा मातीतला डागही उरत नाही.

मध्य प्रदेशातील भीमबेटका हे याचे मोठे उदाहरण आहे. नीमचला जन्मलेले मराठी पुराविद विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना दिसलेल्या त्या खडकांचा माग काढला, आणि पुढे तेथील शेकडो शैलाश्रय उजेडात आले. १९७० च्या दशकात वाकणकर आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वी. एन. मिश्र यांनी तेथे उत्खनने केली. मिश्र यांनी खोदलेल्या एका शैलाश्रयात पूर्वपाषाणयुगातील हातकुऱ्हाडींपासून मध्याश्मयुगातील इवल्याशा गारगोट्यांच्या पात्यांपर्यंत थरांवर थर मिळाले. दगड अगणित. पण ही बोटाच्या पेराएवढी पाती हातात धरून वापरायची नव्हती. ती लाकडाच्या किंवा हाडाच्या दांड्यात डिंकाने ओळीने बसवायची, तेव्हा त्यांचा बाण किंवा विळा होई. संग्रहालयाच्या मखमलीवर मांडलेले सूक्ष्मास्त्र म्हणजे खरे तर मुठीवाचून उरलेली दातांची ओळ आहे.

ती मूठ पाहायची असेल तर मान वर करून त्याच शैलाश्रयाच्या छताकडे पाहावे. भीमबेटक्याच्या चित्रांत काटेरी फाळांचे भाले आहेत, ताणलेली धनुष्ये आहेत, डोक्यावर किंवा पाठीवर ओझे वाहणाऱ्या स्त्रिया आहेत. आणि पचमढीच्या शैलाश्रयांत मध गोळा करणाऱ्यांची दृश्ये आहेत. यशोधर मठपाल यांनी या चित्रांच्या शेकडो हुबेहूब नकला करून त्यांचा अभ्यास मांडला, तो कलेच्या इतिहासाइतकाच गमावलेल्या वस्तूंच्या यादीसाठी वाचण्याजोगा आहे. मातीने जे खाल्ले ते गेरूने राखले. भारतातील शैलाश्रयांत दोरी आणि टोपली क्वचितच मिळेल. तिचे चित्र मिळते.

छताला चिकटलेले सेंद्रिय अवशेष फसवतातही. भीमबेटक्याच्या सभागृहासारख्या गुहेत, डिकिन्सोनिया या सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा जीवाश्म सापडल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. बातमी जगभर गेली. २०२३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी जाऊन पाहिले, तर तो ठसा खडकावरून सुटू लागला होता. ते मोठ्या आग्या माश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते. मूळ अभ्यासकांनी चूक मोकळेपणाने मान्य केली, हे त्या प्रकरणातील सर्वांत चांगले.

छत्तीसगडमध्येच, सरगुजा जिल्ह्यातील रामगडच्या टेकडीत सीताबेंगरा आणि जोगीमारा अशा दोन गुहा आहेत. त्यांतील ब्राह्मी लेख ख्रिस्तपूर्व शतकांतील आहेत. जोगीमाऱ्यातील लेखात सुतनुका नावाची देवदासी आणि तिच्यावर अनुरक्त झालेला देवदिन्न नावाचा रूपदक्ष यांचा उल्लेख येतो. सीताबेंगऱ्यात दगडात कोरलेल्या बसायच्या पायऱ्या आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी थिओडोर ब्लॉख यांनी ती पाहून हे प्राचीन नाट्यगृह असावे, असा तर्क मांडला. त्यासाठी त्यांनी दाखवलेला एक पुरावा मोठा बोलका आहे : तोंडाशी जमिनीत असलेली दोन भोके. त्यांत लाकडी खांब उभे करून पडदा लावीत असावेत, असे ब्लॉख यांचे म्हणणे. नाट्यगृहाचे अनुमान सर्वांनाच मान्य आहे असे नाही. पण ते मान्य करा किंवा नाकारा, वाद ज्या वस्तूंभोवती फिरतो ते खांब आणि तो पडदा आज नाहीत. त्यांची भोके आहेत.

अशी भोके मराठी वाचकाला ओळखीची असायला हवीत. मळवलीजवळच्या भाजे लेण्यातील चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील मानले जाते. त्याचा दर्शनी भाग मुळात लाकडाचा होता. तो केव्हाच गेला. दगडात राहिल्या त्या तुळया अडकवायच्या खोबणी. आत शिरून वर पाहावे, तर कमानदार छताला लाकडी फासळ्या अजून आहेत. काही तुळयांवर ब्राह्मी अक्षरे कोरलेली आढळली, तेव्हा हे लाकूड नंतरच्या दुरुस्तीतले असावे ही शंका मिटली. समोरच्या डोंगरातील कार्ल्याच्या चैत्यातही सागाच्या फासळ्या आणि स्तूपावरील लाकडी छत्र टिकून आहे. पावसाळ्यात जेथे छत्री उघडून उपयोग होत नाही, अशा या मावळात दोन हजार वर्षांचे लाकूड!

हे कसे घडले, याचा विचार केला तर वरचा सगळा नियम एका जागी दिसतो. लाकूड तेच, सुतार तेच, साल तेच. जे पावसाच्या तोंडी होते ते गेले, आणि काही हात आत, जमिनीपासून दूर, वारा खेळणाऱ्या छताला लागून होते ते राहिले. त्यात सागाच्या अंगच्या तेलाने वाळवीला आणि बुरशीला रोखले. ही लेणी म्हणजे माणसाने कोरलेले शैलाश्रय आहेत. लाकडाची नक्कल म्हणून दगड कोरणाऱ्या त्या कारागिरांनी छताला खऱ्या लाकडाच्या फासळ्या लावल्या, ज्यांची रचनेला गरज नव्हती. सवयीने लावल्या असाव्यात. त्या सवयीमुळेच, एरवी संपूर्णपणे नाहीशा झालेल्या प्राचीन लाकडी वास्तूंची थोडी ओळख उरली आहे.

ओल टळली तरी शत्रू संपत नाहीत. अजिंठ्याच्या भिंतींवरील मातीच्या गिलाव्यात भाताची तुसे आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले होते. ते कीटकांनी खाल्ले आणि चित्रांना भोके पडली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातील माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की वेरूळच्या गिलाव्यात सुमारे दहा टक्के भांगेचे तंतू आहेत, आणि तेथे कीटकांचा असा उपद्रव दिसत नाही. अजिंठ्यात भांग नव्हती. तेथील निदान चौथा हिस्सा चित्रे कीटकांनी बिघडवली, असा त्यांचा अंदाज. वेरूळच्या गवंड्याला हे आधीच्या नुकसानीवरून सुचले की केवळ भांग हाताशी होती म्हणून त्याने घातली, हे भिंतीवरून सांगता येत नाही. भांगेचा असा सात्त्विक उपयोग मात्र विरळाच.

मध्य भारतातील शैलाश्रयांच्या जमिनीत अजून काही उरले असेल, तर ते डोळ्यांना दिसणारे असण्याची शक्यता थोडी आहे. पण दगडी पात्याच्या धारेवर चिकटलेले पिठाचे कण, डिंकाचा लेप, गवताच्या पेशींत साठलेले वाळूच्या जातीचे सूक्ष्म दाणे, जळून कोळसा झालेल्या बिया हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली बोलते. कोळशाला बुरशी लागत नाही, आणि ते सूक्ष्म दाणे तर मुळातच खनिज असतात. म्हणून शैलाश्रयाची जमीन ही त्याच्या चित्रांइतकीच मोलाची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. पर्यटकांसाठी ती सपाट केली जाते, फरशी बसते, झाडझूड करून खालची राख उकिरड्यावर जाते. चित्रे छायाचित्रात उठून दिसावीत म्हणून त्यांवर पाणी शिंपडण्याची जुनी खोड तर याहून वाईट. पाण्याने रंग क्षणभर उजळतो आणि क्षारांचा एक नवा थर मागे राहतो. हजारो वर्षे जे छपराने अडवले, ते बाटलीभर पाण्याने आत आणायचे.

कोरडेपणा हाच एक रक्षक आहे, असा समज मात्र होऊ नये. तो खोडून काढणारी वस्तू सिलतऱ्याजवळच, रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आहे. १९२१ मध्ये, तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील बिलासपूर जिल्ह्यात, किरारी या गावचा हीराबांध तलाव आटला. गाळ काढताना गावकऱ्यांना चिखलात एक लाकडी खांब सापडला. त्यावर ब्राह्मी अक्षरे कोरलेली होती. अक्षरांच्या वळणावरून लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ठरतो. लाकडावर कोरलेला इतका जुना आणि इतका मोठा लेख भारतात अतिदुर्मीळ आहे. तो टिकला होता, कारण तळाच्या गाळात हवा पोहोचत नव्हती. शैलाश्रयात पाण्याने पाठ फिरवली म्हणून वस्तू राहते, तलावाच्या तळाशी हवेने. दोघांची भेट झाली नाही म्हणजे झाले.

किरारीच्या खांबाच्या नशिबात ती भेट त्या उन्हाळ्यात घडली. शतकानुशतके पाण्यात राहिलेल्या लाकडात पेशींच्या भिंती आतून पोखरलेल्या असतात. आकार तोलून धरलेला असतो तो आत भरलेल्या पाण्याने. ते पाणी उन्हात झपाट्याने गेले की पोकळ पेशी एकमेकींवर कोसळतात, लाकूड आकसते, तडकते, वरचा पापुद्रा सुटतो. आज असे लाकूड हाती आले तर ते ओले ठेवूनच प्रयोगशाळेत नेतात आणि पाण्याच्या जागी हळूहळू मेणासारखे रसायन भरतात. १९६१ मध्ये समुद्रातून वर काढलेल्या स्वीडनच्या वासा जहाजावर असा फवारा सतरा वर्षे चालू होता. १९२१ च्या उन्हाळ्यात किरारीला यांतले काही ठाऊक असण्याचा संभव नव्हता. खांब बाहेर पडून वाळू लागला, आणि अक्षरे निघून जाऊ लागली.

गावात पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय होते. त्यांनी ती अक्षरे डोळ्यांना दिसली तशी, वळणावळणाने कागदावर उतरवून घेतली. हीरानंद शास्त्री यांनी पुढे ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये हा लेख प्रसिद्ध केला, तेव्हा खांबावर थोडेच उरले होते; मुख्य आधार ती नक्कलच होती. तिच्यातून जे वाचता आले, ते कोणा राजाची प्रशस्ती नाही. ती अधिकाऱ्यांची नामावळी आहे : नगररक्षक, सेनापती, प्रतिहार, गणक, भांडारप्रमुख, हत्तीवरचे आणि घोड्यावरचे स्वार, रथी, मुदपाकखान्याचा अधिकारी, गोधनाचा अधिकारी, पत्रे पोहोचवणारा. दुसऱ्या शतकातल्या छत्तीसगडचा राजदरबार कसा चाले, याची एवढी तपशीलवार नोंद त्या काळच्या दुसऱ्या लेखात सहसा मिळत नाही.

खांबाचा उरलेला भाग आता काचेआड, छपराखाली, कोरड्या हवेत आहे. त्याच्यावर आज जवळजवळ काहीच वाचता येत नाही. अभ्यासक वाचतात तो उपाध्यायांचा कागद.